नको असलेला किताब: स्टॅन्सगेट व्हायकाउंटपदाचं प्रकरण

थोडक्यात काय झालं

नोव्हेंबर १९६० मध्ये ब्रिटनमधल्या टोनी बेन या ३५ वर्षांच्या खासदाराची खासदारकी एका दिवसात गेली. त्याने पक्ष बदलला नव्हता, पैसे खाल्ले नव्हते, निवडणूक हरला नव्हता, त्याचे वडील वारले होते एवढंच. वडिलांना 'व्हायकाउंट' असा वंशपरंपरागत किताब होता, तो त्यांच्या मृत्यूच्या क्षणी मुलाकडे आला, आणि किताब असलेल्या माणसाला कॉमन्स सभेत, म्हणजे लोकांनी निवडून दिलेल्या खालच्या सभागृहात, बसता येत नाही हा तिथला तेव्हाचा शेकडो वर्षांचा नियम. मुलाला किताब नको होता पण नको म्हणायची सोयच कायद्यात नव्हती. तिथून पुढे पावणेतीन वर्षं जे चाललं त्यातून अख्खा कायदा बदलला, आणि त्या बदलाचा सगळ्यात मोठा फायदा त्याच्या विरोधी पक्षालाच झाला. हे प्रकरण मला इंटरेस्टिंग वाटतं ते याच्यासाठी.

केस स्टडीत नावं झाकायची पद्धत असते, पण इथे सगळे जण सार्वजनिक जीवनातले आणि सगळं रेकॉर्डवर आहे, त्यामुळे नेत्यांची नावं घेतो, बाकीच्या साध्या माणसांची नाही घेत.

पार्श्वभूमी: किताब आला कुठून

टोनीचे वडील विल्यम वेजवुड बेन हे मूळचे लिबरल, १९०६ पासून खासदार, १९२७ ला मजूर पक्षात आले. आपल्याकडच्या लोकांनी हे नाव इतिहासाच्या पुस्तकात ओझरतं वाचलेलं असेल, कारण १९२९ ते १९३१ ते भारतमंत्री होते. म्हणजे दांडीयात्रा, सोलापूरचा मार्शल लॉ, आंबेडकर ज्या पहिल्या गोलमेज परिषदेला गेले ती, गांधी-आयर्विन करार, हे सगळं चालू असताना लंडनच्या इंडिया ऑफिसातल्या खुर्चीत हे गृहस्थ. यांचा मधला मुलगा अँथनी, म्हणजेच टोनी, १९३१ मध्ये सहा वर्षांचा असताना गांधीजींना भेटला होता आणि ती आठवण तो म्हातारपणीही सांगायचा.

आता १९४१ च्या डिसेंबरात या. युद्ध चालू, चर्चिलचं तीन पक्षांचं सरकार. लॉर्ड्स सभेत मजूर पक्षाची माणसं अगदीच थोडी, आणि सरकारात भागीदार असलेल्या पक्षाला वरच्या सभागृहात बोलायला माणसं तर पाहिजेत. म्हणून त्या पक्षाच्या काही जणांना उमराव करायचं ठरलं. जाहीर करताना सरकारने मुद्दाम सांगितलं की हा मानसन्मान किंवा बक्षीस नाही, राज्यकारभाराची गरज म्हणून हे करतोय. म्हणजे सरळ बोलायचं तर स्टाफिंगचा प्रॉब्लेम होता, त्याच्यावर काढलेला हा तोडगा.

पण तोडगा कायमचा होता. आज आपल्याला लॉर्ड म्हटलं की हयातीपुरता लॉर्ड आठवतो, ती सोय सर्वसाधारण लोकांसाठी १९५८ च्या कायद्याने आली. त्याच्याआधी न्यायाधीश वगैरे अपवाद सोडले तर कुणाला लॉर्ड्समध्ये पाठवायचं म्हणजे त्याला वंशपरंपरागत किताब द्यायचा, तो त्याच्या मोठ्या मुलाकडे, मग नातवाकडे, वंश चालेल तोपर्यंत. चार-पाच वर्षांच्या युद्धकाळातली अडचण सोडवायला पिढ्यानपिढ्यांची सनद. जानेवारी १९४२ मध्ये बेन हे पहिले व्हायकाउंट स्टॅन्सगेट झाले. एसेक्समधलं स्टॅन्सगेट, तिथे त्यांचं घर होतं.

निर्णयाची पहिली जागा इथे आहे. वडिलांनी थोरल्या मुलाचा विचार केला होता. थोरला मायकेल, त्याला पाद्री व्हायचं होतं, राजकारणात यायचं नव्हतं, त्यामुळे किताब मिळाला तर त्याची हरकत नव्हती. टोनी तेव्हा सोळा वर्षांचा, वारस तो नव्हताच, त्याचा संबंधच येत नव्हता. कागदावर बघितलं तर निर्णय ठीकच होता. फक्त तो ज्या एका माणसाच्या भरवशावर घेतला होता तो माणूस २० वर्षांचा, हवाई दलात पायलट, आणि साल १९४२.

जून १९४४ मध्ये मायकेल विमान अपघातात गेला. टोनी १९ वर्षांचा, तोही हवाई दलातच ट्रेनिंगला. भाऊ गेला आणि त्याच्या मागून हा किताबही याच्याकडे सरकला.

नेमका पेच

तेव्हाचे नियम बघितले की पेच लक्षात येतो. उमराव माणूस कॉमन्समध्ये बसू शकत नाही. उमरावपद सोडता येत नाही, विकता येत नाही, बुडवता येत नाही, हे लॉर्ड्स सभेने १६४० मध्ये एकदा आणि १६७८ च्या पर्बेक प्रकरणात पुन्हा ठरवून टाकलेलं. त्यामागे तर्क असा की किताब हा माणसाचा नाही, रक्ताचा आहे, त्यामुळे मधल्या एका वारसाला तो टाकून द्यायचा हक्क नाही.

आणि टोनी बेन अशा माणसांपैकी ज्याला कॉमन्स सोडून दुसरं काही करायचंच नव्हतं. नोव्हेंबर १९५० च्या पोटनिवडणुकीत तो ब्रिस्टल साउथ ईस्टमधून निवडून आला, वय २५. ही जागा आधी स्टॅफर्ड क्रिप्स यांची, हो तेच, १९४२ चं क्रिप्स मिशन घेऊन दिल्लीला आलेले. क्रिप्स आजारपणामुळे बाजूला झाले आणि टोनी आला. म्हणजे पहिल्या दिवसापासून त्याच्या करिअरवर एक तारीख लिहिलेली होती, फक्त कुठली ते माहीत नव्हतं. वडील तेव्हा सत्तरीच्या पुढचे.

हा पेच काही याचा एकट्याचा नव्हता, आणि हा भाग मला सगळ्यात मजेशीर वाटतो. १८९० च्या दशकात तीन तरुण खासदार, तिघेही उमरावांचे थोरले मुलगे, याच कारणाने वैतागले होते. त्यातला एक जॉर्ज कर्झन, पुढे आपला व्हाइसरॉय. कायदा बदलायचे प्रयत्न झाले, जमले नाहीत. मग तिघांपैकी व्होल्मरचे वडील १८९५ मध्ये वारले आणि त्याने लॉर्ड्समध्ये न जाता कॉमन्समध्येच बसून बघितलं, टेस्ट केस म्हणून, आणि त्याला बाहेर काढलं. कर्झनने यातून धडा घेतला. १८९८ मध्ये व्हाइसरॉय होताना त्याला किताब देणं भाग होतं तर त्याने आयर्लंडच्या यादीतला किताब घेतला, कारण आयरिश उमरावाला ब्रिटनमधून कॉमन्सला उभं राहता यायचं, म्हणजे परतीचा दरवाजा उघडा! असा नव्याने दिलेला तो शेवटचा आयरिश किताब. पळवाटा शोधण्यात ही मंडळी कुणाला ऐकणारी नव्हती.

अलीकडचं उदाहरण क्विंटिन हॉगचं. वडील व्हायकाउंट हेलशॅम १९५० मध्ये वारले, हा कॉमन्समध्ये होता, पंतप्रधान ॲटलींना त्याने कायदा बदला म्हणून विचारलं, त्यांनी नाही म्हटलं, हा गुपचूप लॉर्ड्समध्ये गेला. हॉग हुजूर म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा, ॲटली मजूर पक्षाचे. त्या दिवशी ॲटलींनी हो म्हटलं असतं तर दहा वर्षांनी त्यांच्याच पक्षाच्या पोराचे हाल वाचले असते.

वडील हयात असतानाचे प्रयत्न

बेन हॉगसारखा वाट बघत बसला नाही, आणि याचं क्रेडिट त्याला द्यायलाच पाहिजे. वडील धडधाकट असतानाच त्याने १९५५ मध्ये स्वतःपुरतं एक विधेयक आणायचा प्रयत्न केला, की मला हा वारसा आधीच नाकारू द्या. लॉर्ड्सच्या समितीपुढे स्वतः जाऊन बाजू मांडली. समितीने नाकारलं. मग वडिलांनी स्वतः लॉर्ड्समध्ये विधेयक मांडलं, विचार करा, ज्यांनी किताब घेतला तेच उभे राहून म्हणतायत की माझ्या मुलाला यातून सोडवा. तेही पडलं.

या सगळ्यातून एकच गोष्ट हाताला लागली, चर्चिलचं पत्र. चर्चिलने लिहून दिलं की बापाकडून आलेलं उमरावपद कायमचं सोडायचा हक्क मुलाला असावा असं माझं ठाम वैयक्तिक मत आहे. त्या दिवशी त्या पत्राचा उपयोग शून्य, पण बेनने ते जपून ठेवलं. चर्चिलच्या स्वतःच्या घरातच मार्लबरोची ड्यूकशाही होती आणि एक काळ असा होता की ती त्याच्याकडेच यायची शक्यता होती, त्यामुळे त्याला हे आतून कळत असणार असा माझा अंदाज.

१७ नोव्हेंबर १९६०: समोरचे पर्याय

या दिवशी वडील गेले. सभापतींनी टोनीला सभागृहात येऊ द्यायचं नाही असा हुकूम दिला, पगार बंद. आता त्याच्यासमोर काय काय होतं ते बघू.

सगळ्यात सोपं म्हणजे लॉर्ड्समध्ये जाऊन बसणं. मान होता, भाषणं करता आली असती, वडिलांनी तेच केलं होतं. पण पंतप्रधानपद त्या काळात व्यवहारात कॉमन्सवाल्यांसाठीच, आणि मुख्य म्हणजे त्याला लोकांनी निवडून दिलेलं राहायचं होतं.

दुसरं, काहीच न करणं. लॉर्ड्समध्ये बसायला राणीकडून हजर राहायचं समन्स यावं लागतं आणि ते वारसाने मागायचं असतं. मागितलंच नाही तर? इथे त्याचा कायदेशीर मुद्दा होता. आपल्याकडे बाप गेला तरी सातबाऱ्यावर नाव चढवायला वारसनोंदीचा अर्ज करावा लागतो, तसं बेनचं म्हणणं की समन्स घेईपर्यंत मी फक्त वारस आहे, उमराव नाही. समोरच्यांचं म्हणणं, समन्स हा नुसता कागद, हक्क बाप गेला त्याच क्षणी रक्तातून आला. आणि व्होल्मरचं १८९५ चं उदाहरण याच बाजूने होतं.

तिसरं, जागा पक्षाच्या दुसऱ्या कुणाला देऊन मजूर सरकार येईपर्यंत थांबणं आणि मग कायदा बदलून घेणं. शहाणा पर्याय, निवडणूक जास्तीत जास्त १९६४ पर्यंत होणारच होती. पण एकदा जागा दुसऱ्याला दिली की परत मिळते का, हे सांगायला नको.

आणि चौथं, अपात्र आहोत हे माहीत असून त्याच जागेवरून पोटनिवडणूक लढवणं.

काय केलं

आधी त्याने सभागृहाच्या विशेषाधिकार समितीपुढे प्रकरण नेलं. समितीने मार्च १९६१ मध्ये सांगितलं, तो उमराव झालाय, जागा रिकामी. एप्रिलमध्ये चर्चा झाली, त्याला निदान दाराशी उभं राहून स्वतःची बाजू सांगू द्या असा प्रस्ताव आला तोही पडला. दहा वर्षं ज्या सभागृहात बसला तिथे स्वतःच्या केसमध्ये दोन शब्द बोलायला परवानगी नाही. इतकं ताणायची काही गरज नव्हती असं मला वाटतं, ऐकून घेऊन नाही म्हणता आलं असतं, आणि लोकांची सहानुभूती बेनकडे जायला या वागण्याने चांगलाच हातभार लावला.

मग त्याने चौथा पर्याय घेतला. ४ मे १९६१ ला ब्रिस्टल साउथ ईस्टची पोटनिवडणूक. हुजूर पक्षाकडून माल्कम सेंट क्लेअर. आणि गंमत म्हणजे हा सेंट क्लेअर स्वतः लॉर्ड सिंक्लेअर या किताबाचा पुढचा संभाव्य वारस होता! एका किताबवाल्याला हटवायला दुसरा होऊ घातलेला किताबवाला, असला योगायोग कुणी गोष्टीत लिहिला तर आपण म्हणू काहीही काय.

प्रचारात बेनने चर्चिलचं ते पत्र छापून वाटलं. हुजूर पक्षाच्या भागातसुद्धा. दुसऱ्या बाजूने मतदान केंद्रांवर नोटिसा लागल्या की बेन अपात्र आहे, त्याला दिलेलं मत वाया जाईल. या नोटिसा लक्षात ठेवा, त्या पुढे महागात पडल्या.

निकाल: बेन २३,२७५, सेंट क्लेअर १०,२३१. मताधिक्य १३,०४४, म्हणजे १९५९ च्या निवडणुकीच्या दुपटीहून जास्त. लोकांनी नोटिसा वाचल्या आणि तरीही दिलं. चार दिवसांनी, ८ मे ला, तो निवडून आल्याचं प्रमाणपत्र घेऊन सभागृहाच्या दारात गेला आणि दारावरच्या कर्मचाऱ्याने त्याला आत जाऊ दिलं नाही.

मग निवडणूक कोर्ट. न्यायमूर्ती गॉर्मन आणि मॅकनेअर. बेनने वकील न देता स्वतः केस लढवली, कित्येक दिवस, शेकडो वर्षांचे जुने निवाडे उकरून, आणि न्यायाधीशांनी त्याच्या मांडणीचं कौतुकही केलं. २८ जुलै १९६१ ला निकाल: उमरावपण मृत्यूच्या क्षणीच येतं, समन्सचा संबंध नाही, बेन अपात्र. इथपर्यंत बहुतेकांना अपेक्षित होतं. पण पुढचं वाक्य जास्त कडवट होतं. मतदारांना अपात्रता ठाऊक होती, नोटिसा लागलेल्या होत्या, तेव्हा जाणूनबुजून अपात्र माणसाला दिलेली मतं ही फेकलेली मतं, ती मोजायचीच नाहीत. म्हणजे विजयी कोण? १०,२३१ वाला. सेंट क्लेअर खासदार. खटल्याचा खर्चही बेनच्या डोक्यावर, त्यासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली.

ब्रिटनमध्ये असं पूर्वी एकदा गाजलेलं होतं. १७६९ मध्ये मिडलसेक्समधून जॉन विल्क्सला ११४३ मतं आणि त्याच्या विरोधातल्या लट्रेलला २९६, आणि सभागृहाने लट्रेलला बसवलं. त्याच्यावरून लंडनमध्ये इतका गदारोळ झाला की शेवटी १७८२ मध्ये सभागृहाने तो ठरावच आपल्या नोंदींतून खोडून टाकला. विल्क्सचा मामला किताबाचा नव्हता, कायदेशीर मुद्दाही वेगळा, पण मतदाराने ज्याला नाकारलं तो त्याच्याच नावाने संसदेत बसलाय हे दृश्य तेच.

कोर्टातल्या हारेनंतर

कोर्टात हरला पण सरकारची पंचाईत झाली, कारण दिसायला सगळंच वाईट दिसत होतं. हुजूर सरकारने लॉर्ड्सच्या सुधारणेसाठी दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती नेमली, तिने डिसेंबर १९६२ मध्ये सांगितलं की किताब सोडायची मुभा द्या. त्यावरून १९६३ मध्ये उमरावपद विधेयक आलं.

त्यातल्या तरतुदी नीट बघण्यासारख्या आहेत. नव्याने वारसा आलेल्याला सोडायला एक वर्ष, तो खासदार असेल तर फक्त एक महिना, आणि जे आधीपासूनच उमराव आहेत त्यांना कायदा झाल्यापासून बारा महिने. एकदा सोडला की परत घेता येत नाही, दुसरा वंशपरंपरागत किताबही मिळणार नाही, हयातीपुरता मात्र चालेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सोडलेला किताब मरत नाही. सोडणाऱ्याच्या हयातीत तो नुसता पडून राहतो आणि तो गेला की पुढच्या वारसाकडे जातो, त्याने काय ते ठरवावं. स्वतःच्या हक्काने किताब असलेल्या बायकांना लॉर्ड्समध्ये बसायची परवानगी याच कायद्याने मिळाली, बेनच्या नाट्यात ती बातमी मागेच पडली.

सरकारचा मूळ बेत असा होता की हा कायदा पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीपासून लागू करायचा. पण लॉर्ड्स सभेने दुरुस्ती केली की नाही, राजमुद्रा उमटल्या दिवशीच लागू करा, आणि सरकारने ती मानली. ही एवढीशी तारखेची दुरुस्ती या पूर्ण प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय निघाला असं माझं मत, कारण तो झाला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं.

३१ जुलै १९६३ ला संध्याकाळी सहाच्या सुमारास कायदा झाला आणि ६ वाजून २२ मिनिटांनी बेनने किताब सोडला, सोडणारा पहिला माणूस. सेंट क्लेअरने आधीच शब्द दिला होता की कायदा बदलला तर मी बाजूला होईन, आणि तो त्याने पाळला. ब्रिटनमध्ये खासदाराला सरळ राजीनामा देता येत नाही, राजघराण्याची एक नावापुरती नोकरी घ्यावी लागते की जागा आपोआप रिकामी होते, ती त्याने घेतली. २० ऑगस्टला पोटनिवडणूक, हुजूर पक्षाने उमेदवारच दिला नाही, बेन परत खासदार.

निकाल काय लागला, आणि कुणाला

आता मजा. ऑक्टोबर १९६३ मध्ये पंतप्रधान मॅकमिलन आजारी पडले आणि पायउतार व्हायचं जाहीर केलं, पक्षाचं अधिवेशन ब्लॅकपूलला चालू असतानाच. उत्तराधिकारी कोण? लॉर्ड हेलशॅम, म्हणजे १९५० चा तोच क्विंटिन हॉग, त्याने तिथेच जाहीर केलं की मी किताब सोडतो. आणि शेवटी पंतप्रधान झाले लॉर्ड होम, १६०५ पासून चालत आलेल्या घराण्याचे चौदावे अर्ल! २३ ऑक्टोबरला त्यांनी किताब सोडला आणि नोव्हेंबरच्या पोटनिवडणुकीतून कॉमन्समध्ये येईपर्यंत पंधरा दिवस ब्रिटनचा पंतप्रधान कुठल्याच सभागृहाचा सभासद नव्हता. मजूर नेते हॅरल्ड विल्सन यांनी चौदावे अर्ल म्हणून टोमणा मारला तर होम म्हणाले की तसं बघितलं तर विल्सनसुद्धा चौदावे मिस्टर विल्सन असतील.

म्हणजे बेनने समाजवादी बाजूने लढून जो दरवाजा फोडला त्यातून तीन महिन्यांत हुजूर पक्षाचा पंतप्रधान आत आला. काही लोक हे बेनचं अपयश म्हणून सांगतात, मला तसं वाटत नाही. उलट कायदा झटकन झाला तो त्यामुळेच असावा, हुजूर पक्षातल्या बऱ्याच जणांना दिसत होतं की यात आपल्याही कामाचं काही आहे. ब्रिस्टलची २३,२७५ मतं एकटी पुरली असती का, शंकाच आहे.

बेन १९६४ मध्ये पोस्टमास्टर जनरल झाला, पुढे मंत्री, २००१ पर्यंत मधला थोडा काळ सोडून कॉमन्समध्येच. होम आणि हॉग दोघेही १९७० च्या दशकात हयातीपुरते लॉर्ड म्हणून परत वर गेले. बेन गेला नाही.

आणि किताब? १४ मार्च २०१४ ला बेन गेला, त्या दिवशी ५० वर्षांहून जास्त पडून राहिलेला किताब उठला आणि थोरला मुलगा स्टीफन तिसरा व्हायकाउंट स्टॅन्सगेट झाला. त्याने तो सोडला नाही. २०२१ मध्ये वंशपरंपरागत उमरावांसाठी राखलेल्या जागांच्या पोटनिवडणुकीतून तो लॉर्ड्समध्ये गेला, मजूर पक्षाच्या बाजूने. यावरून लोकांनी बरीच खिल्ली उडवली. पण १९४२ मध्ये काय चुकलं होतं ते आठवा, बापाने मुलाच्या आयुष्याचा निर्णय घेतला होता. १९६३ च्या कायद्याने बरोबर तेवढंच काढलं. टोनीने स्वतःचं ठरवलं, स्टीफनने स्वतःचं.

वेगळं काय करता आलं असतं

१९४२ पासून सुरू करू. प्रश्न जर काही वर्षांसाठी लॉर्ड्समध्ये माणसं पाहिजेत हा होता तर मूलबाळ नसलेली माणसं निवडायची, हा त्या दिवशीही उपलब्ध असलेला मार्ग. किंवा तेव्हाच हयातीपुरत्या लॉर्डचा कायदा करायचा, पण युद्धात संसदेचा वेळ त्यावर कोण घालवणार, त्यामुळे त्याबद्दल फार दोष देता येत नाही. वडिलांनी मात्र एकाच मुलाचा विचार केला, आणि तो मुलगा युद्धात विमान उडवत होता. हे मागे वळून बघताना बोलणं सोपं आहे, मान्य. पण ज्या घरात तीन मुलगे आहेत तिथे दुसऱ्याचं काय हा प्रश्न कुणी विचारायला हरकत नव्हती.

१९५५ चे दोन्ही प्रयत्न एका माणसापुरते होते आणि मला वाटतं तिथेच ते हरले. लॉर्ड्सना एका घराला अपवाद देणं म्हणजे उद्या दहा जण दारात, असं वाटलं तर नवल नाही. सगळ्यांसाठीची मागणी, आणि सोबत हॉगसारखे हुजूर पक्षातले गरजू, असं केलं असतं तर? हॉग तेव्हा लॉर्ड्समध्ये पाच वर्षं बसून होताच. १९६३ मध्ये जे जमलं त्याचं समीकरण हेच होतं, दोन्ही पक्षांची गरज.

पोटनिवडणुकीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. बेनच्या बाजूने ती बरोबर खेळी, पण तिची किंमत त्याने एकट्याने नाही भरली. ब्रिस्टल साउथ ईस्टच्या लोकांना दोन वर्षं असा खासदार मिळाला ज्याला त्यांनी स्पष्ट नाकारलं होतं. हे होऊ शकतं हे बेनला माहीत होतं, फेकलेल्या मतांचं तत्त्व काही नवीन नव्हतं. त्याने मतदारांना ते सांगून मत मागितलं, लपवलं नाही, आणि ते म्हणाले चालेल. तरी ज्या दहा हजारांनी नाही म्हटलं त्यांचं आणि जे मतदानालाच गेले नाहीत त्यांचं काय, याचं उत्तर मला सापडलेलं नाही.

हुजूर पक्षाकडे मात्र चांगला पर्याय होता. उमेदवार उभा करा, हरा, आणि कोर्टात जाऊ नका. मग प्रश्न सभागृहाच्या गळ्यात पडला असता आणि त्यांनी जागा पुन्हा रिकामी जाहीर केली असती, पुन्हा निवडणूक, पुन्हा बेन, विल्क्ससारखं. सरकारसाठी तेही लाजिरवाणंच, पण १०,२३१ मतांचा खासदार बसवण्याइतकं नाही. आणि त्या नोटिसा! त्या लावल्या नसत्या तर अपात्रता सगळ्यांना ठाऊक होती हे सिद्ध करणं थोडं अवघड गेलं असतं, कोर्टाने नव्याने निवडणूक घ्यायला सांगायची निदान शक्यता राहिली असती. नोटिसा कायद्याच्या दृष्टीने अचूक, खटला जिंकून देणाऱ्या, आणि राजकारणात पूर्ण उलट्या पडलेल्या. वकिलाचा सल्ला आणि राजकारण्याचा सल्ला वेगळा का घ्यावा याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित मिळतं.

१९६३ च्या कायद्यातही एक जागा तशीच राहिली. खासदाराचा बाप वारला तर ठरवायला फक्त एक महिना, म्हणजे दुःखाच्या दिवसांतच कागद करायचे, आणि तो महिना सभागृहात बसायचं नाही. बाकीच्यांना वर्ष. का, तर मतदारसंघ जास्त काळ खासदाराविना राहू नये. ठीक आहे, पण मुदत आहेच तर बाप हयात असतानाच आगाऊ नाकारायची सोय का नाही दिली? बेनने १९५५ मध्ये मागितलं होतं ते नेमकं हेच, आणि ते त्याला १९६३ मध्येही मिळालं नाही.

ही अडचण पुढे दुसऱ्याच बाजूने सुटली. १९९९ च्या कायद्याने ९२ जण सोडून बाकी सगळे वंशपरंपरागत उमराव लॉर्ड्समधून बाहेर गेले आणि जे बाहेर गेले त्यांना कॉमन्सची बंदीच उरली नाही. २००१ मध्ये क्विंटिन हॉग वारले तेव्हा त्यांचा मुलगा डग्लस कॉमन्समध्ये खासदार होता. तो त्या दिवशी व्हायकाउंट हेलशॅम झाला, कुठला कागद केला नाही, काही सोडलं नाही, आणि २०१० पर्यंत कॉमन्समध्येच बसला.